दुधाच्या बादल्या आणि डांबरी भिंत : 'ॲनिमल फार्म'चा अभ्यास कसा सुरू करावा

गाई हंबरायला लागतात. चोवीस तासांत कुणी धार काढलेली नाही, कासा तटतटल्या आहेत. डुकरं बादल्या आणवतात आणि जमेल तशा धारा काढतात. पाच बादल्या भरतात, वर दाट फेस. बाकीची जनावरं टक लावून बघत उभी. एवढ्या दुधाचं आता काय करायचं, कुणीतरी विचारतं. एक कोंबडी म्हणते, जोन्स कधी कधी थोडं आमच्या आंबोणात घालायचा. तेवढ्यात नेपोलियन नावाचा डुक्कर बादल्यांसमोर येऊन उभा राहतो आणि म्हणतो, दुधाचं काय ते बघू, आधी गवत कापायला चला. सगळे निघतात. संध्याकाळी परत येतात तेव्हा दूध नसतं.

जॉर्ज ऑरवेलच्या 'ॲनिमल फार्म'च्या दुसऱ्या प्रकरणाचा हा शेवट. जनावरांनी बंड करून शेताचा मालक जोन्स याला हाकलून लावलं त्याला जेमतेम एक दिवस झालाय, भिंतीवरच्या सात नियमांचा रंगही नीट वाळला नसेल. पहिल्या वाचनात ही जागा सहज हातून निसटते. पण डिसेंबर १९४६ मधल्या एका पत्रात ऑरवेलने स्वतःच लिहिलंय की गोष्टीला कलाटणी मिळते ती इथं, डुकरांनी दूध आणि सफरचंदं स्वतःकडे ठेवून घेतली तेव्हा. बाकीच्या जनावरांनी त्याच वेळी पाय रोवले असते तर सगळं ठीक झालं असतं, असंही त्याने त्या पत्रात म्हटलंय.

गेली काही वर्षं मी एका छोट्या वाचनगटात हे पुस्तक नव्या वाचकांबरोबर वाचते. त्यात कॉलेजात हे अभ्यासाला असलेली मुलं असतात, नोकरदार असतात, निवृत्त मंडळीही असतात. बहुतेक जण येताना एक तक्ता घेऊन येतात : नेपोलियन म्हणजे स्टालिन, त्याच्याशी झुंजणारा दुसरा डुक्कर स्नोबॉल म्हणजे स्टालिनचा प्रतिस्पर्धी ट्रॉट्स्की, जोन्स म्हणजे झार. तक्ता बरोबर आहे. पण तो हातात असला की वाचक पुस्तक वाचायचं सोडून जोड्या लावत बसतो आणि दूध कुठं गेलं ते विचारायचं राहून जातं. म्हणून मी क्रम उलटा सांगते. आधी शेत, मग भिंत, मग रशिया. ऑरवेल सगळ्यात शेवटी.

पायरी पहिली : नुसती गोष्ट वाचा

पुस्तक लहान आहे. दहा प्रकरणं, इंग्रजीत सुमारे ३०,००० शब्द. दोन संध्याकाळी पुरतात. पहिल्या वाचनात पेन्सिल हातात घेऊ नका, प्रस्तावना वाचू नका, तक्ता तर उघडूच नका. ऑरवेलने पुस्तकाला 'परीकथा' असं उपशीर्षक दिलं होतं. ते गंभीरपणे घ्या आणि लहान मुलाने ऐकावी तशी गोष्ट ऐका.

मराठीतून वाचू की इंग्रजीतून, हा प्रश्न दरवेळी येतो. शक्य असेल तर इंग्रजीतूनच वाचा आणि अडेल तिथं मराठी अनुवाद शेजारी ठेवा. इंग्रजी पुस्तकांत इतकं स्वच्छ, सोपं इंग्रजी क्वचित सापडतं. वाक्यं छोटी, शब्द रोजच्या वापरातले. शेतीचे काही शब्द अडतात, पण ते आपल्याला अनोळखी नाहीत : आंबोण, साज, लगाम, कोठार, गंजी. माझा अनुभव असा की गावाकडं वाढलेल्या वाचकाला हे पुस्तक शहरी वाचकापेक्षा लवकर भिडतं. दावणीला बांधलेलं जनावर बाजाराला जायच्या दिवशी कसं बघतं, ते त्याला समजावून सांगावं लागत नाही.

प्राण्यांच्या तोंडून माणसांची गोष्ट सांगणं आपल्याला नवं नाही. पंचतंत्रातले करटक-दमनक राजकारणच बोलतात. एकाला उद्देशून बोलायचं आणि लागायचं दुसऱ्याला, याला आपल्या काव्यशास्त्रात अन्योक्ती असं नावच आहे. फक्त एक फरक ध्यानात ठेवा. पंचतंत्रात गोष्ट संपली की तात्पर्य हाती येतं. ऑरवेल ते देत नाही. शेवटच्या पानावर तो वाचकाला जनावरांबरोबर खिडकीबाहेर उभं करतो आणि थांबतो.

वाचून झालं की पुस्तक मिटा आणि एका कागदावर लिहा : कुठल्या जागी राग आला, कुठं गलबललं, कुठल्या प्राण्याचा कंटाळा आला. एवढंच. हा कागद जपून ठेवा, पाचव्या पायरीला लागणार आहे.

पायरी दुसरी : वही घाला

आता दुसरं वाचन, सावकाश, आणि या वेळी वही घेऊन. माझ्या मते पुस्तकाचा खरा अभ्यास होतो तो इथं. दोनशे पानी साधी वही घ्या आणि तिचे तीन भाग करा : 'कुणी काय खाल्लं', 'भिंत' आणि 'कुणाला वाचता येतं'.

असं का? त्या शेतावर बहुतेक जनावरांकडे कुठलीच नोंद नाही. त्यांना अंधुक आठवतं. काल नियम काय होता, लढाईत कोण पुढे होतं, जोन्सच्या वेळी पोटाला जास्त मिळायचं की कमी, याचा कागद त्यांच्यापाशी नाही. डुकरांच्या वतीने बोलणारा स्क्वीलर हा डुक्कर येतो, इकडून तिकडे उड्या मारत, शेपटी हलवत बोलतो, आणि आपलीच आठवण चुकली असेल असं त्यांना वाटू लागतं. तुमच्यापाशी मात्र वही आहे. जनावरांना जे करता आलं नाही ते करत तुम्ही हे पुस्तक वाचायचं आहे.

पहिल्या भागात पान क्रमांकासह नोंदी करा. दूध. मग झाडाखाली गळून पडलेली सफरचंदं : सगळ्यांना सारखी वाटून मिळतील असं जनावरं गृहीत धरून चाललेली, पण हुकूम निघतो की ती साजाच्या खोलीत, डुकरांकडे जमा करायची. स्क्वीलरचं स्पष्टीकरण शब्दन् शब्द उतरवून काढा, कारण पुढची सगळी स्पष्टीकरणं याच साच्यातून निघतात : आम्हाला खरं तर दूध आवडतही नाही, आम्ही डोक्याचं काम करतो, विज्ञानाने हे सिद्ध झालंय, आणि शेवटी धमकी, जोन्स परत यायला हवाय का तुम्हाला? पुढे कोंबड्यांची अंडी येतात. आठवड्याला ४०० अंडी विकण्याचा करार होतो. कोंबड्या आढ्यावर उडून बसतात आणि तिथून अंडी खाली टाकून फोडतात. त्यांचं धान्य बंद होतं. पाच दिवस त्या टिकतात, नऊ कोंबड्या मरतात, आणि रोगाने मेल्या असं जाहीर होतं. पुढे नवव्या प्रकरणात हा करार आठवड्याला ६०० अंड्यांवर गेलेला असतो. ही वाढ एका ओळीत येऊन जाते. वहीत नोंद असेल तरच लक्षात येते.

याच भागात स्क्वीलरचे आकडेही लिहा. धान्याचं उत्पादन २०० टक्के, ३०० टक्के, ५०० टक्के वाढलं, असं तो कागदावरून वाचून दाखवतो. त्याच्या समोर त्याच सुमारास जनावरांच्या पुढ्यात काय पडत होतं ते लिहा. शिधा घटतो तेव्हा स्क्वीलर त्याला 'कपात' म्हणत नाही, 'फेररचना' म्हणतो. असे शब्द वहीत वेगळ्या शाईने लिहायची मला सवय आहे.

दुसरा भाग भिंतीचा. कोठाराच्या डांबर फासलेल्या भिंतीवर पांढऱ्या मोठ्या अक्षरांत सात नियम लिहिले आहेत. वहीचं एक पूर्ण पान घ्या, डावीकडे सातही नियम मूळ शब्दांत लिहा आणि उजवी बाजू मोकळी ठेवा. कुठल्याही प्राण्याने बिछान्यावर झोपायचं नाही. डुकरं घरात राहायला जातात तेव्हा त्यात भर पडते, चादर घालून. कुणी कुणाला मारायचं नाही : कारणाशिवाय. दारू प्यायची नाही : अति. बघा, एकही नियम खोडला जात नाही, फक्त शेपटाला दोन-दोन शब्द चिकटतात. अगदी शेवटी मात्र भिंतीवर एकच वाक्य उरतं : सगळे समान, पण काही जास्त समान.

भिंतीचं एक दृश्य मी गटात नेहमी मोठ्याने वाचायला लावते. आठव्या प्रकरणाचा शेवट. रात्री बाराच्या सुमाराला अंगणात काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज होतो. जनावरं धावत बाहेर येतात. चांदणी रात्र आहे. भिंतीपाशी शिडी दोन तुकडे होऊन पडलीय, शेजारी स्क्वीलर आडवा, घटकाभर सुन्न झालेला. जवळ कंदील, ब्रश आणि पांढऱ्या रंगाचा उलटलेला डबा. कुत्री लगेच त्याच्याभोवती कडं करतात आणि चालता येऊ लागल्यावर त्याला घरात नेतात. आणि एका म्हाताऱ्या गाढवाखेरीज जनावरांना यातून काही म्हणजे काही उलगडत नाही. काही दिवसांनी म्युरिअल शेळी भिंत वाचते आणि दारूच्या नियमातले दोन शब्द आपण विसरलो होतो, अशी स्वतःची समजूत घालते. रंगाचा डबा समोर पडलेला असताना! इथं पहिल्यांदा वाचणारी मुलं हसतात. मग मी त्यांना तिसऱ्या भागाकडे नेते.

तिसरा भाग, कुणाला किती वाचता येतं. ही माहिती तिसऱ्या प्रकरणात एका परिच्छेदात आलीय आणि मला तो पुस्तकाचा कणा वाटतो. डुकरं आधीच शिकली आहेत, जोन्सच्या मुलांच्या उकिरड्यावर टाकलेल्या जुन्या अंकलिपीवरून. कुत्र्यांना वाचता येतं, पण नियमांशिवाय दुसरं काही वाचण्यात त्यांना रस नाही. म्युरिअलला बऱ्यापैकी येतं. बेंजामिन गाढव कुठल्याही डुकराइतकं चांगलं वाचतं, पण वाचत नाही. क्लोव्हर घोडीला सगळी अक्षरं येतात, शब्द जुळत नाहीत. मॉली या दुसऱ्या घोडीला फक्त स्वतःच्या नावातली अक्षरं हवीत. आणि बॉक्सर घोडा! तो आपल्या थोरल्या खुराने धुळीत ए, बी, सी, डी काढतो, कान मागे टाकून त्यांच्याकडे बघत राहतो, आयाळ झटकतो, पुढचं अक्षर आठवायला सगळी ताकद लावतो. एकदा ई, एफ, जी, एच शिकलासुद्धा, पण तेव्हा आधीची चार विसरला. शेवटी पहिल्या चारांवर समाधान मानतो आणि विसरू नयेत म्हणून रोज एकदोनदा गिरवतो. मेंढ्या, कोंबड्या, बदकं 'ए'च्या पुढे जातच नाहीत. त्यांच्यासाठी सात नियमांचं एक घोषवाक्य केलं जातं, आणि पुढे तेच घोषवाक्य कुणाला बोलू न देण्याच्या कामी येतं. नवव्या प्रकरणापर्यंत पोचलात की हा परिच्छेद परत वाचा.

पायरी तिसरी : सांगणारा काय सांगत नाही ते शोधा

ही पायरी छोटी आहे, पण कॉलेजच्या मुलांनी ती टाळू नये. गोष्ट सांगणारा जनावरांना जेवढं ठाऊक तेवढंच बोलतो. दूध कुणी प्यायलं हे त्या प्रकरणात तो सांगत नाही, दूध दिसेनासं झालं एवढंच सांगतो. जोडणी वाचकाने करायची असते.

बॉक्सरच्या बाबतीत हे मला एका शेतकरी काकांनी शिकवलं. पवनचक्कीसाठी दगड ओढता ओढता बॉक्सर कोसळतो. त्याला दवाखान्यात पाठवतोय असं डुकरं सांगतात. गाडी येते, तिच्यावर घोड्यांचा खाटीक आणि सरस उकळणारा अशी पाटी असते. आमच्या गटात त्या दिवशी सगळे गप्प झाले होते. काकांनी आयुष्यभर बैल पाळलेले. त्यांनी एकच विचारलं : "पैसे किती आले, आणि गेले कुठं?" आम्ही पान उलटून शोधायला लागलो. प्रकरणाच्या अगदी शेवटच्या ओळींत सापडलं. डुकरांनी बॉक्सरच्या स्मरणार्थ मेजवानी ठरवलेली असते, त्या दिवशी किराणा दुकानाची गाडी एक मोठं लाकडी खोकं आणून टाकते, रात्री घरातून गाण्याचा दंगा ऐकू येतो, आणि मग कुणकुण लागते की डुकरांनी कुठून तरी पैसे मिळवून व्हिस्कीची आणखी एक पेटी घेतली. कुठून तरी! ऑरवेल दोन्ही गोष्टी जवळजवळ ठेवतो आणि मध्ये एक शब्द बोलत नाही. तेव्हापासून प्रत्येक प्रकरणाला काकांचा प्रश्न विचारायचा, हा आमच्या गटाचा शिरस्ता झालाय.

पायरी चौथी : आता रशिया

आता तक्ता काढा. पण नावांच्या जोड्यांपेक्षा घटनांचा क्रम लावा, त्याने जास्त कळतं. वहीत एक रेघ ओढा आणि तिच्यावर सनावळी मांडा. १९१७ची क्रांती म्हणजे जोन्सला हाकलणं. मार्च १९२१ मध्ये क्रॉनस्टाट या नाविक तळावरच्या नाविकांनी बोल्शेविक सरकारविरुद्ध उठाव केला आणि तो चिरडला गेला. ऑरवेलने त्या पत्रात दुधा-सफरचंदांच्या पुढे कंसात हेच नाव लिहिलंय. ट्रॉट्स्कीला १९२९ मध्ये देशाबाहेर घालवलं, १९४० मध्ये मेक्सिकोत त्याचा खून झाला. स्नोबॉलच्या मागे लागलेली नऊ कुत्री, आणि नंतर शेतावर काहीही बिघडलं की त्याच्या नावाने फुटणारं खापर, हे त्याच्याशेजारी लिहा. पहिली पंचवार्षिक योजना १९२८ची : पवनचक्की. सामूहिक शेतीच्या सक्तीला शेतकऱ्यांनी केलेला विरोध, स्वतःची गुरं कापून टाकणं, आणि १९३२-३३चा दुष्काळ : कोंबड्या. १९३६ ते १९३८चे मॉस्को खटले, ज्यांत जुने क्रांतिकारक भर न्यायालयात न केलेले गुन्हे कबूल करत होते : सातव्या प्रकरणातल्या कबुल्या आणि कत्तल. ऑगस्ट १९३९ मध्ये हिटलरशी करार : शेजारच्या शेताचा मालक फ्रेडरिक याला विकलेलं लाकूड, ज्याच्या नोटा खोट्या निघतात. जून १९४१ मध्ये जर्मनीचं आक्रमण : पवनचक्कीची लढाई.

जिथं जोडी जमत नाही तिथं जास्त वेळ थांबा. लेनिन कुठाय? शेतावर तो नाही. जनावरांना बंडाचा विचार देणारा म्हातारा डुक्कर ओल्ड मेजर, त्याच्यात मार्क्सचे विचार आहेत, आणि त्याची कवटी झेंड्याच्या खांबापाशी ओंडक्यावर मांडून जनावरांना तिच्यासमोरून नेतात तेव्हा लेनिनचं जतन करून ठेवलेलं शव आठवतं. पण क्रांती चालवणारा लेनिन गोष्टीतून गाळलेला आहे. का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि तुम्हीही आपलं मत बनवू शकता. मला वाटतं, दोन डुकरांमधली झुंज स्पष्ट दिसावी म्हणून ऑरवेलने मधला माणूस काढला. बॉक्सर म्हणजे कामगारवर्ग हेही ढोबळमानाने खरं, पण बॉक्सरमध्ये फक्त तेवढंच बघितलंत तर धुळीत अक्षरं गिरवणारा तो घोडा तुमच्या हातून जाईल.

ऑरवेल जोड्यांबाबत किती काटेकोर होता, याचा एक पुरावा आहे. पवनचक्की सुरुंगाने उडते तेव्हा नेपोलियनसकट सगळी जनावरं जमिनीवर आडवी पडतात, असं त्याने आधी लिहिलं होतं. मार्च १९४५ मध्ये पॅरिसहून त्याने प्रकाशकाला कळवून ते 'नेपोलियनखेरीज सगळी' असं करून घेतलं. जर्मन सैन्य चालून आलं तेव्हा स्टालिन मॉस्को सोडून गेला नव्हता, तेव्हा त्याच्यावर अन्याय नको, असं त्याचं म्हणणं. ज्याच्यावर एवढा संताप आहे त्याच्याशीही एका शब्दाइतका न्याय करणारा लेखक मला फार मोठा वाटतो.

शेवटच्या दृश्याबद्दल एक चूक बहुतेक गाईडांत असते. डुकरं आणि माणसं एकत्र जेवतात, चेहरे सारखे दिसू लागतात, म्हणून शेवट म्हणजे दोघांची दिलजमाई, असं लिहिलेलं आढळतं. १९४७च्या युक्रेनियन आवृत्तीच्या प्रस्तावनेत ऑरवेलने याचा साफ इन्कार केलाय. नोव्हेंबर-डिसेंबर १९४३ मध्ये तेहरानला रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन भेटले, सगळ्यांना वाटलं आता मैत्री पक्की झाली, पण ही मैत्री टिकणार नाही असं त्याचं मत होतं आणि शेवट त्याने मुद्दाम भांडणावर केला. भांडण कशावरून, ते पुस्तकात बघा : पत्त्यांच्या डावात दोघांनीही एकाच वेळी इस्पिकचा एक्का टाकलेला असतो.

जाता जाता, १९५४चा ॲनिमेशनपट बघून परीक्षेला बसू नका. त्याच्या शेवटी जनावरं डुकरांविरुद्ध उठतात. पुस्तकात तसं काहीही नाही. त्या चित्रपटामागे अमेरिकी गुप्तचर खात्याचा पैसा होता हे आता उघड आहे, आणि बदललेल्या शेवटाची चर्चा त्यासोबत करायला हवी.

पायरी पाचवी : लेखकाकडे वळा

एरिक आर्थर ब्लेअर हे त्याचं खरं नाव. जन्म २५ जून १९०३, मोतिहारी, आजच्या बिहारमध्ये. वडील सरकारी अफू खात्यात होते. तो स्वतः १९२२ ते १९२७ ब्रह्मदेशात इंग्रजांच्या पोलिसात होता आणि राज्य करणाऱ्यांच्या बाजूने हुकूम पाळणं म्हणजे काय, ते आतून बघून आला. १९३६च्या अखेरीस तो स्पेनच्या यादवीत फॅसिस्टांविरुद्ध लढायला गेला. मे १९३७ मध्ये गोळी त्याच्या गळ्यातून आरपार गेली. त्यातून वाचला, तर ज्या छोट्या डाव्या पक्षाच्या तुकडीत तो लढत होता त्यालाच स्टालिनच्या माणसांनी फितूर ठरवलं. पकडापकडी सुरू झाली आणि बायकोसह त्याला तिथून निसटावं लागलं. ज्यांच्याबरोबर खंदकात दिवस काढले त्यांना वर्तमानपत्रं गद्दार म्हणताहेत आणि लांब बसलेली शहाणी माणसं ते खरं मानताहेत, हे त्याने डोळ्यांनी बघितलं. लढाईत शौर्य गाजवलेल्या स्नोबॉलला स्क्वीलर हळूहळू पळपुटा, मग शत्रूचा हेर करतो, ते प्रकरण स्पेन ठाऊक असेल तर वेगळं वाचलं जातं.

कल्पना सुचली ती एका खेड्यात. दहा वर्षांचा एक मुलगा अरुंद वाटेवरून थोराड घोड्याला हाकत होता आणि घोडा वळायला गेला की चाबूक मारत होता. या जनावरांना आपली ताकद कळली तर आपलं काय चालेल, असं त्याच्या मनात आलं. ही हकिकत त्याच युक्रेनियन प्रस्तावनेत आहे. हार्टफर्डशरमधल्या वॉलिंग्टन गावात तो राहायचा तेव्हा कोंबड्या आणि शेळ्या पाळायचा. त्यातल्या एका शेळीचं नाव म्युरिअल होतं, आणि त्या गावात मॅनर फार्म नावाचं शेतही आहे.

१९४१ ते १९४३ तो बीबीसीच्या पौर्वात्य विभागात हिंदुस्थानसाठी युद्धकाळातले कार्यक्रम करत होता. ते सोडलं आणि लगेच नोव्हेंबर १९४३ ते फेब्रुवारी १९४४ मध्ये हे पुस्तक लिहिलं. छापायला कुणी तयार होईना, कारण सोव्हिएत संघ तेव्हा ब्रिटनचा युद्धातला मित्र होता. प्रकाशक व्हिक्टर गोलान्झ यांनी नाकारलं, दुसरे प्रकाशक जोनाथन केप यांनी सरकारी सल्ला ऐकून पाय मागे घेतला, फेबर या प्रकाशनसंस्थेच्या वतीने कवी टी. एस. एलियट यांनीही नकार कळवला. जून १९४४ मध्ये ऑरवेलच्या घरावर जर्मन उडता बॉम्ब पडला आणि हस्तलिखित ढिगाऱ्यातून काढावं लागलं. अखेर १७ ऑगस्ट १९४५ रोजी सेकर अँड वॉरबर्गने ते प्रसिद्ध केलं.

एक गोष्ट ठळक करून लिहून ठेवा. ऑरवेल शेवटपर्यंत लोकशाही समाजवादी होता. 'बघा, बंड करून काही उपयोग नसतो' असा निष्कर्ष या पुस्तकातून काढणारे पुष्कळ भेटतात. जोन्सचा चाबूक, उपासमार, पाण्यात बुडवलेली कुत्री हे पहिल्या दोन प्रकरणांतलं सगळं त्यांनी विसरायचं ठरवलेलं असतं. डिसेंबर १९४६च्या त्या पत्रात ऑरवेलने आपलं म्हणणं स्पष्ट केलंय : लोक जागे असतील आणि काम झाल्यावर पुढाऱ्यांना खाली खेचायचं त्यांना ठाऊक असेल, तरच क्रांतीने खरा बदल होतो.

पहिल्या वाचनानंतरचा तो कागद आता काढा. तेव्हा ज्याचा राग आला होता त्याचाच आजही येतोय का, ते तपासा. बहुतेकांचा राग नेपोलियनवरून हलून दुसरीकडे गेलेला असतो.

पायरी सहावी : लिहा, बोला

परीक्षेसाठी लिहिणार असाल तर प्रत्येक विधानाला वहीतली एक नोंद जोडा. 'स्क्वीलर प्रचाराचं प्रतीक आहे' या वाक्याला वजन नाही. 'कपात' ऐवजी 'फेररचना' हा शब्द, कुठल्या प्रकरणात, तेव्हा पुढ्यात काय पडत होतं, असं लिहिलंत की उत्तर तुमचं होतं.

गटात चर्चा करणार असाल तर एलियट यांच्या नकारपत्रातला मुद्दा टाकून बघा. डुकरं सगळ्यांत हुशार, म्हणजे शेत चालवायला तीच लायक, तेव्हा कुणी म्हणेल की इथं गरज होती ती जनहिताची चाड असलेल्या डुकरांची, असं त्यांनी लिहिलं होतं. आमच्याकडे यावर दोन तास वाद झाला होता. चांगली डुकरं हवीत म्हणणाऱ्यांना मी तिसऱ्या प्रकरणात परत पाठवलं : सफरचंदांच्या वेळी सगळी डुकरं एकमताची होती, स्नोबॉलसुद्धा.

आणि एक स्वाध्याय, मी प्रत्येक नव्या वाचकाला देते. बेंजामिनची चार ठिकाणं शोधा. आठव्या प्रकरणाच्या सुरुवातीला, कत्तलीनंतर काही दिवसांनी, क्लोव्हर त्याला नियम वाचून दाखव म्हणते आणि तो असल्या भानगडीत पडायला नकार देतो. त्याच प्रकरणाच्या शेवटी मोडकी शिडी बघून तो सगळं समजल्यासारखी मान हलवतो आणि बोलत नाही. नवव्यात सगळी जनावरं गाडीभोवती जमून बॉक्सरला निरोप देत असतात. म्युरिअल अक्षरं लावायला लागते, तेव्हा तिला बाजूला ढकलून तो पाटी मोठ्याने वाचतो. दहाव्यात म्हातारी क्लोव्हर त्याला भिंतीपाशी घेऊन जाते, तिला आता दिसत नाही, आणि तो आपला नेम मोडून तिला भिंतीवर उरलेलं एकच वाक्य वाचून दाखवतो. चारही उतारे एका बैठकीत, याच क्रमाने वाचा. मग पुस्तक बंद करून एक पान लिहा : बेंजामिनने आठव्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच वाचलं असतं, तर तिथून पुढे शेतावर काय झालं असतं?